प्रभारी कारभार

सरकारी फाइल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असा कायदा महाराष्ट्रात 1 जुलै 2006 पासून लागू आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध, असे त्याचे लांबलचक नाव. सात दिवसांची मर्यादा त्याच्या दहाव्या कलमात आहे आणि जाणूनबुजून दिरंगाई करणाऱ्यावर शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूदही तिथेच आहे. पुढे 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड, अर्जदाराला दोन अपिले आणि त्यांच्याही वर राज्याचा स्वतंत्र आयोग. कायद्यांची उणीव नाही. तरीही परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या माणसाचे घरकुलाच्या हप्त्यासाठी, सिंचन विहिरीच्या मस्टरसाठी किंवा वारसाच्या फेरफारासाठी होणारे हेलपाटे थांबलेले नाहीत. याचे कारण विचारले की दोन उत्तरे ठरलेली. लोक म्हणतात, कर्मचारी कामचुकार आहेत. कर्मचारी म्हणतात, माणसेच नाहीत, एकाकडे तिघांचे काम आहे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. परभणीसारख्या जिल्ह्यात काम अडते, कारण ते नेमके कोणाचे हेच अनेकदा ठरलेले नसते. पद एकाचे आणि कार्यभार दुसऱ्याकडे, अधिकारी आज आहे आणि उद्या नाही, काम एका गावाचे आणि त्याचा हिशेब भलत्याच ठिकाणी, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात चांगला माणूसही हळूहळू मंदावतो आणि वाईट माणसाला लपायला जागा मिळते.

जिल्ह्याचे चित्र आधी डोळ्यांसमोर हवे. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा झाल्यावर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम आणि जिंतूर हे नऊ तालुके उरले. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 18 लाख 36 हजार होती आणि तिच्यातली सुमारे दोन तृतीयांश माणसे खेड्यांत राहणारी. ग्रामपंचायती सुमारे सातशे. परभणी शहराला 2011 च्या नोव्हेंबरात महानगरपालिका मिळाली, पण जिल्ह्यातल्या बहुसंख्य माणसांसाठी सरकार म्हणजे आजही ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि शाळेतले गुरुजी. शासनाने 2024 मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी असे नाव दिले आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र जुनीच नावे चालतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा विकासाचे काम लोकांच्या जवळ नेण्याची कल्पना होती. माणूस जवळ नेला, अधिकार आणि पैसा फारसा नेला नाही. भारतात एकूण सरकारी खर्चापैकी जेमतेम तीन टक्के खर्च स्थानिक संस्थांच्या हातून होतो, चीनमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे सगळ्यात खालच्या टेबलावर गर्दी सगळ्यात जास्त आणि निर्णयाची ताकद सगळ्यात कमी.

ग्रामसेवकाचे काम पाहिले की हे कळते. ग्रामपंचायतीच्या लेखासंहितेनुसार त्याला नमुना एकपासून तेहेतीसपर्यंतची दप्तरे ठेवायची असतात: कर आकारणीची नोंदवही, कॅशबुक, मागणी, वसुली, साठा, मालमत्ता. शिवाय जन्ममृत्यूची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा आणि त्याची ऑनलाइन देयके, रोजगार हमीची कामे, घरकुलाची यादी, शौचालये, नळयोजना. यातले प्रत्येक काम वेगळ्या विभागाचे, प्रत्येकाचे पोर्टल वेगळे आणि प्रत्येकाचा आढावा घेणारा साहेब वेगळा. एका गावाचा ग्रामसेवक असेल तर हे ओढूनताणून निभते. शेजारच्या दोन गावांचा अतिरिक्त कार्यभार आला की निवड करणे भाग पडते, आणि ही निवड गावाची गरज पाहून होत नाही. ज्या योजनेचा आकडा त्या दिवशी व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये विचारला जाणार, ते काम आधी होते. ज्या कामाचा आकडा कोणी विचारत नाही, ते मागे राहते. विधवेच्या अर्जावर शिफारस लिहिणे, नमुना आठवर नाव चढवणे, फुटलेल्या नळाची तक्रार पुढे पाठवणे ही सगळी न विचारली जाणारी कामे. हेलपाटे पडतात ते याच कामांसाठी.

ही केवळ कर्मचारी संघटनांची तक्रार नाही. आदित्य दासगुप्ता आणि देवेश कपूर या अभ्यासकांनी भारतातल्या गट पातळीवरच्या ग्रामविकास कार्यालयांचा अभ्यास करून 2020 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की या कार्यालयांवर कामे लादण्याचा वेग त्यांना साधने देण्याच्या वेगापेक्षा फार मोठा आहे. जिथे मनुष्यबळ आणि साधने बरी होती, तिथे रोजगार हमीची अंमलबजावणीही बरी होती. साधने तुटपुंजी असलेल्या ठिकाणी अधिकाऱ्याचा वेळ इतक्या कामांत विखुरला जातो, की देखरेख आणि नियोजन हे त्याचे मुख्य कामच बाजूला पडते. घोषणा करणाऱ्याला श्रेय मिळते आणि अंमलबजावणीची क्षमता वाढवणाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे ही दरी बुजत नाही, असे त्यांचे म्हणणे. परभणीतल्या एखाद्या गटविकास अधिकाऱ्याचा आठवडा मांडून पाहिला तरी हाच निष्कर्ष निघेल.

गेल्या काही वर्षांत नेहमीच्या कामांवर काय काय येऊन पडले, हेही पाहिले पाहिजे. 2023 च्या शेवटच्या महिन्यांत न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कार्यालयांनी कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी दप्तरे उर्दू आणि मोडी लिपीत. ती वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, आणि अनेक अभिलेख कक्षांतले गठ्ठे वर्षानुवर्षे सुटलेले नव्हते. ते काम ओसरते तोच जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाचे घरोघर सर्वेक्षण आले. त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक, जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज, सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी, नोव्हेंबरात विधानसभा. 2025 च्या सप्टेंबरात पुन्हा पूर. नुकसानीच्या पंचनाम्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक अशा तिघांनी मिळून जायचे असते. तिघांपैकी दोघांकडे आणखी गावांचा कार्यभार असेल, तर तिघे एकाच दिवशी एकाच शिवारात पोचणे हीच पहिली अडचण. या प्रत्येक कामाची गरज खरी होती, त्यातले एकही टाळण्यासारखे नव्हते. पण एकाही कामासोबत जास्तीचे हात आले नाहीत, आणि या काळात नेहमीची कामे थांबतील तर त्यांची मुदत कशी मोजायची, हे कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नाही.

पदे रिकामी का राहतात, या प्रश्नाची उत्तरे दोन आणि ती वेगवेगळी आहेत. पहिले भरतीच्या रखडपट्टीचे. राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या 13 हजारांहून अधिक पदांची जाहिरात 2019 मध्ये निघाली, उमेदवारांनी शुल्क भरले, परीक्षा पुढे पुढे गेली आणि अखेर ती भरती रद्द झाली. 2023 मध्ये 19,460 पदांची नवी जाहिरात आली. मधल्या चार वर्षांत निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले आणि त्यांची टेबले शेजाऱ्याकडे गेली. दुसरे उत्तर मराठवाड्याचे आहे. गट अ आणि ब च्या अधिकाऱ्यांना महसुली विभाग वाटून देण्यासाठी शासनाला स्वतंत्र नियम करावे लागले, आणि त्यांचा उद्देशच मुळात विदर्भ व मराठवाड्यातली रिक्त पदे भरण्याचा होता. नेमणूक झालेला अधिकारी इकडे येत नाही आणि आला तर थांबत नाही, ही वस्तुस्थिती सरकारनेच या नियमांतून मान्य केली. परभणीतली नेमणूक म्हणजे शिक्षा, हा समज अधिकाऱ्यांमध्ये दीर्घकाळ टिकला. शिक्षा म्हणून पाठवलेला माणूस पहिल्या दिवसापासून सुटकेच्या खटपटीत असतो. त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवणाऱ्या जिल्ह्यावर हा अन्याय आहे.

अतिरिक्त कार्यभाराचे सगळ्यात मोठे नुकसान कामाच्या ओझ्यापेक्षाही वेगळे आहे. प्रभारी अधिकारी सही करतो, निर्णय घेत नाही. बिनवादाची फाइल तो पुढे ढकलतो, पण जिच्यात डोके लावावे लागेल, कोणाला नाही म्हणावे लागेल किंवा उद्या चौकशी लागू शकेल, ती फाइल तो ‘नियमित साहेब आल्यावर’ या शेऱ्याच्या भरवशावर ठेवून देतो. यात त्याचा आळस नसतो. दोन महिन्यांसाठी सांभाळलेल्या खुर्चीतल्या निर्णयाची जबाबदारी निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही, हे त्याने पाहिलेले असते. खालचा लिपिक हे सगळे बघून शिकतो. त्रुटी काढून फाइल परत पाठवली तर त्याचे टेबल मोकळे होते आणि दोष कोणाच्याच माथी येत नाही. सात दिवसांच्या कलमाचे पालन अशाही रीतीने होते: कागद कोणाच्याच टेबलावर सात दिवस थांबत नाही आणि तरी सहा महिने फिरत राहतो.

वरच्या खुर्चीचा प्रश्न याला जोडूनच आहे. बदल्यांच्या त्याच कायद्याने साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांनी भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका तपासल्या, तेव्हा एका पदावरचा सरासरी काळ सुमारे सोळा महिने निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2013 रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ देण्याचे आणि तोंडी आदेश लेखी नोंदवून घेण्याचे निर्देश दिले. त्यानंतर आठ वर्षांनी परभणीने काय पाहिले? 2021 च्या जुलैत आंचल गोयल यांची जिल्हाधिकारी म्हणून नेमणूक झाली, त्या रुजू होण्यासाठी परभणीत आल्या आणि ऐनवेळी कार्यभार दुसऱ्याकडे सोपवण्याचा आदेश निघाला. गावातल्या नागरिकांनी आंदोलन केले, राज्यभर चर्चा झाली आणि काही दिवसांत त्यांची नेमणूक पुन्हा करावी लागली. एखाद्या जिल्ह्याने अधिकाऱ्याच्या बदलीविरुद्ध आवाज उठवणे नेहमीचे, पण रुजू होऊ देण्यासाठीच रस्त्यावर यावे लागणे दुर्मीळ. जिल्ह्याची पहिली खुर्ची अशी डळमळत असेल, तर तालुक्यातल्या अव्वल कारकुनाने काय अनुमान काढावे? साहेबाचा नवा उपक्रम मनापासून राबवण्यापेक्षा त्याची बदली होईपर्यंत मान हलवत राहणे त्याला शहाणपणाचे वाटते.

महाराष्ट्राला प्रशासकीय सुधारणेचा अनुभव नाही असे नाही. अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात टेबलांची मांडणी, अभिलेखांची व्यवस्था आणि अर्जांचा प्रवास मुळापासून बदलला आणि ‘लखिना पॅटर्न’ हे नाव राज्याबाहेरही गेले. चंद्रकांत दळवी यांनी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’चा प्रयोग केला आणि पुढे शासनाने तो राज्यभर लागू केला. या प्रयोगांचा गाभा विलक्षण साधा होता. प्रत्येक लिपिकाने आपल्या कागदांचे सहा गठ्ठे करावेत, चालू काय आणि प्रतीक्षेत काय ते वेगळे दिसावे, जुने दप्तर कायम, तीस वर्षे, दहा वर्षे अशा वर्गांत लावून अभिलेख कक्षात जावे आणि मुदत संपलेले नष्ट व्हावे. ही पद्धत कार्यालयीन नियमांत पूर्वीपासूनच होती. दप्तर लागलेले असेल तर पाच मिनिटांत सापडणारा कागद, न लागलेल्या दप्तरात पाच आठवडे सापडत नाही, आणि नागरिकाला तो कर्मचाऱ्याचा उद्दामपणा वाटतो. कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्याच्या अनेक कार्यालयांना याचा पुरता प्रत्यय आला. दप्तर लावणे हे कोणाच्याच कामगिरीत मोजले जात नव्हते, म्हणून ते लागलेले नव्हते.

मग प्रश्न येतो मोजणीचा. आपल्याकडे मोजली जाते ती हजेरी. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा ही वेळ ठरली आणि अंगठा लावण्याच्या यंत्रांवर भर आला. मुख्यालयी राहण्याचा वाद त्याहून जुना. 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने कर्मचारी गावात राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला, 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय लावून धरला आणि शिक्षकांसह सगळे ढवळून निघाले. नांदेड-परभणी-छत्रपती संभाजीनगर या मार्गावर मराठवाडा एक्स्प्रेसच्या वेळापत्रकाशी कार्यालयाची वेळ जुळवणारे अपडाउन या भागाला नवे नाही, आणि त्याचा कामावर परिणाम होतो हे निर्विवाद आहे. पण यंत्राने हा प्रश्न सुटेल का? राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रांतल्या परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ छापणारी यंत्रे बसवून प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा वृत्तांत 2008 मध्ये दिला. पहिले काही महिने हजेरी झपाट्याने सुधारली. मग आरोग्य प्रशासनानेच ‘सूट दिलेले दिवस’ मंजूर करायला सुरुवात केली आणि साधारण सोळा महिन्यांनी यंत्र असलेली आणि नसलेली केंद्रे सारखीच झाली. यंत्र बिघडले नव्हते, वरच्याला त्या हजेरीची गरज वाटत नव्हती.

याच्या उलटचा अनुभव आपल्या शेजारचा आहे, आणि तोही एकेकाळी आपल्यासोबत एकाच निजामी राज्यात असलेल्या तेलंगणातला. 2018 मध्ये रयतु बंधू योजनेचे धनादेश शेतकऱ्यांना वाटायचे होते. काही मंडलांतल्या कृषी अधिकाऱ्यांना आधीच सांगण्यात आले, की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून धनादेश मिळाला का, केव्हा मिळाला, हे विचारले जाईल. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा मंडलांत धनादेश मिळणाऱ्यांचे आणि वेळेत मिळणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले. वाढ लहान होती, पण फोनचा खर्च तिच्या तुलनेत नगण्य होता. इथे कोणाला निलंबित केले नाही, कोणाचा पगार वाढवला नाही. ज्याच्यासाठी काम आहे त्याला विचारले जाणार आहे, एवढी माहिती पुरेशी ठरली. आपल्याकडच्या कार्यमूल्यमापन अहवालात नेमकी हीच गोष्ट नाही. प्रतवारी वरिष्ठ लिहितो, तीही सहसा चांगलीच लिहितो, आणि पालमच्या ज्या माणसाला कागद मिळाला नाही त्याचे मत त्या अहवालात कुठेच नसते. उत्तम काम करणारा आणि जेमतेम करणारा दोघेही ज्येष्ठतेने एकाच रांगेत सरकतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे वरवरचे आहे, खरा रोग भ्रष्टाचार. पैसे दिले की तेच अपुरे मनुष्यबळ एका दिवसात काम करते. आक्षेप वजनदार आहे, कारण तो लोकांच्या रोजच्या अनुभवातून आलेला आहे. पण लाच कुठे मागितली जाते ते पाहिले पाहिजे. ती मागितली जाते जिथे कागद एकाच्या हातात अडवता येतो आणि तो कुठे अडला हे बाहेर दिसत नाही तिथे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दाराशी थांबणे संपले. तलाठी तेच होते, त्यांचा पगार आणि स्वभावही तोच. फेरफाराचा निर्णय मात्र अजून माणसाच्या हातात आहे आणि तक्रारीही तिथेच साचल्या आहेत. शिक्षकांच्या बदल्या 2017 पासून संगणकावर होऊ लागल्या, तेव्हा जिल्हा परिषदेच्या आवारातला बदल्यांचा हंगामही ओसरला. भ्रष्ट माणसाला शिक्षा व्हायलाच हवी, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे काम त्यासाठीच आहे. पण सापळ्यात सापडलेल्या माणसाच्या जागी तेच अंधारे टेबल दुसऱ्याला दिले, तर चार वर्षांनी तिथे पुन्हा सापळा लावावा लागतो.

दुसरा आक्षेप, कायम नोकरीच काढून घ्या, कंत्राटी माणूस भीतीने काम करील. 2023 च्या सप्टेंबरात बाह्य संस्थांमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला आणि विरोधानंतर ऑक्टोबरात तो रद्द झाला. ग्रामपंचायतींतला संगणक परिचालक हे या विचाराचे चालते उदाहरण. दाखले, नोंदी, ऑनलाइन देयके यांचा मोठा भार त्याच्यावर, मानधन तुटपुंजे आणि ते वेळेवर मिळावे म्हणून पुन्हा पुन्हा आंदोलने. भीतीने काम होत असते, तर जिल्ह्यातले सगळ्यात उत्तम काम याच टेबलावर झाले असते. नायजेरियातल्या साडेचार हजारांहून अधिक सार्वजनिक प्रकल्पांचा इम्रान रसूल आणि डॅनियल रॉजर यांनी अभ्यास केला, त्यातही जिथे कर्मचाऱ्यांना निर्णयाची मोकळीक होती तिथे प्रकल्प अधिक पूर्ण झाले आणि जिथे देखरेखीचा व बक्षीस-दंडाचा जाच अधिक होता तिथे कमी. पगाराचे मात्र मान्य करावे लागेल. सातव्या वेतन आयोगानंतर कायम कर्मचाऱ्याचा पगार परभणीच्या जीवनमानात भरपूर आहे, आणि कमी पगार म्हणून काम होत नाही हे कारण आता उरलेले नाही. 2023 च्या मार्चमधला संप जुन्या पेन्शनसाठी होता. त्या मागणीमागची चिंता खरी असू शकते, पण त्या आठवड्यात अडलेल्या रुग्णांची आणि अर्जदारांची चिंताही तितकीच खरी होती.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. पुढारी हस्तक्षेप करतात म्हणून कारभार बिघडतो, असे अधिकारी खासगीत नेहमी म्हणतात. परभणी जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. ना अध्यक्ष, ना सभापती, ना स्थायी समिती. हस्तक्षेप हेच मूळ असते, तर या काळात पंचायत समित्यांतली गर्दी आटायला हवी होती. ती आटल्याचे कोणी म्हणत नाही. उलट सभागृहात उठून अमुक गावचा दवाखाना बंद का, असे विचारणारा माणूस गेला. सदस्याचे विचारणे अनेकदा स्वार्थाचे असते, पण ते विचारणे होते. प्रशासकाला जबाब द्यायचा तो मुंबईला, गंगाखेडला नव्हे.

त्याच नियमांत आणि त्याच पगारात फरक पडू शकतो, याचा पुरावा जवळचाच आहे. राज्य शासनाच्या 2025 मधल्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेचे मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून झाले. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रभेटी असे निकष होते. जिल्हाधिकारी कार्यालयांच्या पहिल्या पाचांत शेजारचे नांदेड आले. तोही मराठवाडाच, तोही निजामी दप्तरांचा वारसा सांगणारा. शंभर दिवसांत प्रशासन बदलत नाही हे खरे आणि मोहिमेचे गुण म्हणजे नागरिकाचा अनुभव नव्हे, हेही खरे. पण काय मोजणार हे आधी सांगितले आणि बाहेरच्याने मोजले, तर मागासलेपणाचे कारण पुढे न करता काम करता येते, एवढे त्यावरून दिसते.

परभणी जिल्हा परिषदेने यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक पंचायत समितीच्या दारावर एक यादी लावता येईल: तालुक्यातली मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणत्या गावाचा कार्यभार कोणाकडे आणि किती दिवसांपासून, त्या गावात तो कोणत्या वारी भेटेल, आणि गेल्या महिन्यात मुदतीबाहेर गेलेले अर्ज किती. दर महिन्याला त्यांतल्या काही अर्जदारांना जिल्ह्याहून फोन करून विचारता येईल. निवडणूक, सर्वेक्षण किंवा पंचनाम्यासाठी कर्मचारी काढून घेतले, तर तेवढे दिवस कोणती सेवा थांबणार हे आधी जाहीर करता येईल. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तर ही मागणी स्वतःहून करायला हवी, कारण ‘एकाकडे तिघांचे काम’ हे त्यांचे म्हणणे सिद्ध करणारा दुसरा चांगला कागद नाही. वाचकांनाही एक विनंती. अर्ज देताना तोंडी आश्वासनावर परत येऊ नका, क्रमांक असलेली पोच मागून घ्या, ती तुमचा कायदेशीर हक्क आहे. मुदत संपली की तीस दिवसांच्या आत लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिले अपील दाखल करा आणि गावातल्या दुसऱ्यालाही करायला लावा.